धावेवरची कविता

बैल मागल्या पावली चढून येईपर्यंत ते बोलायचे नाहीत. कुणी काही विचारलं तर नुसता हात वर करायचे. मोट विहिरीत बुडाली, नाडा ताणला, बैलांनी खाली पहिलं पाऊल टाकलं की मग तोंड उघडायचे. बैल टोकाला पोचले की त्यांचं बोलणं संपलेलं असायचं. नसलं संपलं तरी ते तिथंच तोडायचे. अर्धं वाक्य हवेत लोंबत ठेवून आमचे पेशकारसाहेब थारोळ्यात पाय सोडून बसायचे आणि शेजारी मोटेचं पाणी भसाभसा पडायचं.

आता मोट पाहिलेली माणसं उरली नाहीत, म्हणून सांगतो. कातड्याची मोठी मोट विहिरीत सोडायची, तिचा जाड दोर म्हणजे नाडा, तो बैलांच्या जुवाला. विहिरीपासून खाली उतरत गेलेली वाट असते, ती धाव. बैल धावेनं उतरले की मोट वर येते आणि दगडी हौदात रिकामी होते, ते थारोळं. तिथून पाटानं पाणी रानात. मग बैल तोंड न फिरवता मागं मागं वर येतात आणि मोट पुन्हा खाली जाते. मी अशी मोट बारा वर्षं हाकली. माझ्यासारखी हाकणारा चारठाण्यापासून सेलूपर्यंत दुसरा नव्हता. हे माझ्या तोंडानं सांगावं लागतं, कारण सांगणारे बाकीचे मेले.

आणखी एक गोष्ट. विहीर भरलेली असली की मोट लवकर बुडते, बैलांना पार वर यावं लागत नाही, अर्धी धाव पुरते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की बैल काठापर्यंत मागं येतात आणि सगळी धाव उतरतात. म्हणजे पाणी जितकं खोल, तितकी बैलाची चाल लांब. साहेबांची ओळही तेवढीच. दिवाळीच्या सुमाराला तीन शब्दांची, वैशाखात लांबच लांब.

साहेब एका तहसील कचेरीत पेशकार होते. हाकिमापुढं कागद मांडायचे आणि वाचून दाखवायचे, हे काम. तीस वर्षं दुसऱ्यांच्या दरख्वास्ती, म्हणजे अर्ज, उर्दूतनं वाचल्या. नोकरी सरल्यावर गावी आले ते लाल तुर्की टोपी, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेली शेरवानी आणि पितळी कुलपाची एक पेटी घेऊन. बायको आधीच वारलेली, मुलगा मोगलाईच्या हद्दीपलीकडं वऱ्हाडात मास्तर. आता जिथं देवगाव फाटा म्हणतात तिथून चारठाण्याच्या अंगाला त्यांचं रान, आणि ते मी बटईनं, निम्म्या वाट्यानं, करत होतो. मला वाटलं, आता हा माणूस बांधावर उभा राहून माझ्या चुका काढणार. पहिल्या दिवशी आले, विहिरीत वाकून बघितलं, टोपी सरळ केली आणि म्हणले, "तुझं चालू दे. मी हजर हाय असं समजू नको."

तिथून पुढं सात वर्षं ते रोज हजर होते.

अंगात शेरवानी, डोक्यावर टोपी, पायजमा गुडघ्यापर्यंत वर आणि पाय पाण्यात. वरून कचेरी, खालून बदक, असं माझी बायको म्हणायची. थारोळ्यावर लिंबाची सावली पडायची ती पाण्याबरोबर हलायची. चाकाची कुरकुर, पाटाचा आवाज, ओल्या मातीचा वास. नाड्यावर बसून खाली जाताना मला दुपारी झोप लागायची; बैल आपले चालत राहायचे, वर आले की चाक थांबायचं आणि मी जागा व्हायचो. त्या झोपेत ऐकलेल्या ओळी मला जास्त पाठ आहेत. जागेपणी ऐकलेल्या विसरलो.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, म्हाताऱ्याला वात झाला.

"साहेब, काय म्हणायलात?"

"कविता."

"मग चाल कुठाय?"

"बैलाला विचार."

"यमक?"

"पाण्याला असतं का रे यमक? पडतं, व्हातं, जिरतं."

त्यांना चालीतलं येत नव्हतं असं कुणी समजू नये. फारसीचे, उर्दूचे शेर ते चुटकीवर म्हणायचे, मात्रा इकडची तिकडं नाही. म्हणून झालं की हात झटकायचे. "हे लोकाच्या जोड्यात पाय घालून चालणं. जोडा झकास हाय, पाय मपला न्हाई." कुणी त्यांच्या कवितेला वाहवा म्हटलं तर चेहरा उतरायचा. म्हणायचे, "टाळीची जागा आधीच ठरल्याली असती अशा कविता लय ऐकल्या मी. हिच्यात टाळीला जागाच ठिवली न्हाई. वाहवाची दरख्वास्त नामंजूर."

मी आधी मोटेवर गाणी म्हणायचो. माझा आवाज दोन मळे पलीकडं जायचा. त्यांनी कधी बंद कर म्हटलं नाही. मीच केलं. कधी, ते आठवत नाही.

शेजारच्या मळ्याचे आण्णा भजनात मृदंग वाजवायचे. मृदंगावर हात पडला की समोरच्यानं मान हलवलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट. एका एकादशीला भजन सरल्यावर कुणीतरी मस्करीनं म्हणलं, "पेशकारसाहेब, तुमचं काय ते म्हणून दाखवा." साहेब उठले, देवळाच्या पायऱ्या एकेक उतरत ओळ म्हणले, आणि मागल्या पावली पुन्हा वर आले, गप्प. पुन्हा उतरत दुसरी ओळ. लोक तोंडाला उपरणं लावून हसत होते. आण्णांनी साथ द्यायला मृदंग पुढं ओढला. दोनदा हात टाकला, दोनदा फसला. तिसऱ्यांदा मृदंग बाजूला ढकलून म्हणले, "साहेब, सम कुठाय ह्याची? धरू कुठं मी?"

"सम विहिरीत हाय."

"मग विहिरीतच वाजवा!" असं म्हणून आण्णा चपला घालून निघाले. पुढं चार वर्षं त्या दोघांत बोलणं नव्हतं. आमच्याकडं माणसं एवढ्यावरही अबोला धरतात.

मी एकदा त्यांना सरळच विचारलं होतं. बैल घेऊन चारठाण्याच्या बाजाराला गेलो होतो, ते बरोबर. तिथं जुन्या देवळांपाशी एक उंच दगडी खांब आहे. मी म्हणलो, "साहेब, घराला खांब लागतात तशी कवितेला चाल लागती. त्याबिगर ती पडणार." ते खांबाजवळ गेले, टोपी धरून पार वर बघितलं. "ह्याच्यावर काय हाय?"

"काय न्हाई. आभाळ."

"कशाला टेकलाय?"

"कशालाच न्हाई."

"पडला का?"

मी कासरा ओढला. बैलांना पाणी दाखवायचं होतं.

शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. त्याच सुमाराला ती मोठी कविता झाली. दिवाळीपासून वैशाखापर्यंत, विहिरीचं पाणी उतरत गेलं तशी रोज थोडी थोडी. ओळ म्हणायची, ती बैल वर येईपर्यंत वहीत टिपायची, पुन्हा पुढची. अक्षर मोठं मोठं होत गेलं आणि शेवटी शेवटी एकमेकांवर चढायला लागलं. आधीच्या सगळ्या कविता त्यांनी पाटात सोडल्या असं ते म्हणायचे, पण ही नाही. "ही एक दाखल करायची," म्हणायचे. मुलाकडं पाठवायची, त्यानं तिकडं कुठं छापून आणायची. एवढी एकच गोष्ट त्यांनी जन्मात स्वतःसाठी मागितलेली मी ऐकली.

पावसाळ्यात मोट बंद असते. वही माझ्या हातात देऊन म्हणले, "तुझं अक्षर चांगलं हाय. जशीच्या तशी उतरव."

माझी शाळा दोन बुकं, तीही उर्दूत आणि मास्तरांशी भांडून सोडलेली. पण बालबोध लिपी मी देवळात पोथीवरून शिकलो. पोथी जुनी झाली की नवी उतरवायची आणि जुनी हळदकुंकू वाहून नदीत सोडायची, हे आमच्या घराकडचं काम. गावातल्या तीन पोथ्या माझ्या हातच्या आहेत. पान दुरून बघितलं तर विणलेलं वाटावं असं अक्षर. पोथीचं पान या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेलं असतं. ओवी संपली की दोन दंड, आकडा, लगेच पुढची. मधे जागा सोडणं म्हणजे नैवेद्याच्या ताटात अर्धी पोळी वाढणं.

साहेबांच्या वहीत मात्र पानावर सात-आठ ओळी, कुठं तीन शब्द, कुठं एकच, आणि बाकी पान उघडं. युद्ध सरलं होतं पण कागद अजून मिळत नव्हता. मला वाटलं, डोळ्याला दिसत नाही म्हणून बिचाऱ्याची जागा सांडली. मी ती सावरली. कडेपासून कडेपर्यंत, सलग, दाट. एक काना सोडला नाही, एक वेलांटी चुकवली नाही. ओवी नव्हती म्हणून दंड आणि आकडा तेवढा घातला नाही. त्यांचं थांबणं मी सात वर्षं रोज ऐकत होतो. पण थांबणं लिहायचं असतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

काम झाल्यावर, पोळ्याच्या आधी, जुनी वही दुधना नदीला नेली. फूल ठेवलं, हळदकुंकू वाहिलं, आणि कडेला नाही, मधल्या धारेत सोडली.

दसऱ्याला सरस्वतीपुढं नवी प्रत मांडली, पूजा केली, आणि आपट्याच्या पानांसकट साहेबांच्या हातात दिली. मला शाबासकी पाहिजे होती. लपवत नाही.

त्यांनी पान डोळ्यापाशी नेलं. अक्षर दिसत नव्हतं, पण उजेड-अंधार कळायचा. पान उलटलं, पुढचं उलटलं.

"हे काय रे? काळंच दिसायलंय सगळं."

"अक्षर हाय साहेब. कागद वाया जाऊ दिला न्हाई."

"पांढरं कुठाय?"

"कसलं पांढरं?"

"माझ्या कवितेत पांढरं लय होतं."

मी पान पुन्हा बघितलं. ते हळूच म्हणले, "जुनी वही आण."

"सोडली."

"म्हंजे?"

"दुधनात. रीतीनं सोडली, साहेब."

त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. सात वर्षांत त्यांचं उघडं डोकं मी पहिल्यांदा पाहिलं. लहान होतं, कोवळं दिसत होतं.

मला राग आला. चूक झाली की मला आधी रागच येतो. म्हणलो, "शब्द सगळे हायत की! एक जरी गेला असंल तर माझं बोट तोडा."

"विहिरीत पाणी सगळं असतंय रे. मोटंत आल्याबिगर रानाला मिळत न्हाई."

"मग तुमी म्हणा, मी पुन्हा लिहितो. तुमच्याच तोंडातली हाय की."

"शब्द येतात मला. थांबायचं कुठं ते येत न्हाई. ते मपलं नव्हतंच. बैलाचं होतं."

मग त्यांनी शेरवानीच्या खिशातून मुलाचं पत्र काढलं. त्या साली मोगलाईत दिवस बरे नव्हते. जिवाच्या भीतीनं गावंच्या गावं हद्दीपलीकडं जात होती. मुलानं लिहिलं होतं, दिवाळीच्या आत गाडी घेऊन न्यायला येतो, तयारी ठेवा. माझ्या बाडावर हात ठेवून साहेब म्हणले, "हे घेऊन जाऊ तिकडं? ही माझी कविता म्हणून? हे तर पंचनाम्यावानी दिसायलंय."

मी घरी आलो आणि ताट ढकललं. बायको म्हणली, "आवं, वही गेली, बैल तर हायत की गोठ्यात. त्यांनाच विचारा म्हणावं." ही युक्ती माझी होती असं मी पुढं चाळीस वर्षं सांगत आलो आणि ‘ती माझी’ असं बायको कधी म्हणली नाही. आता ती नाही, तेव्हा लिहून टाकतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, रानात चिखल आणि विहीर काठोकाठ, अशा वेळी मी मोट जुंपली. तीच लाल कंधारी जोड, हरण्या आणि भोऱ्या. एका हातात कासरा, एका हातात माझं ते विणलेलं पान, कानावर काव, म्हणजे लाल माती, लावलेली काडी. बैल निघाले की त्यांच्या पावलागणिक वाचायचं. टोकाला थांबले की शब्दापुढं काडीनं लाल रेघ. मग गप्प. बैल मागं येईपर्यंत गप्प.

माझ्या प्रतीत होतं: पाणी खाली गेलं म्हणून आभाळ खाली गेलं वाकून पाहिलं तर मीही तिथंच. मी ते उतरवताना दहा वेळा वाचलं होतं आणि मला त्यात काही दिसलं नव्हतं. आता बैल थांबले, रेघ पडली, थांबले, रेघ पडली:

पाणी खाली गेलं
म्हणून आभाळ खाली गेलं
वाकून पाहिलं तर
मीही तिथंच

साहेब थारोळ्यावर बसले होते, पाय पाण्यात हलवत. ओळ बरोबर तुटली की त्यांचे पाय हलायचे थांबायचे. तेच माझं माप. एकदा भोऱ्या धावेच्या मधेच मुतायला थांबला. मी रेघ ओढली नाही. साहेब म्हणले, "ओढ. तवाही तिथंच थांबला होता. त्याची सवय हाय." पाय खरंच थांबले होते.

दिवाळीच्या दिवसांतल्या ओळी अशा दोन दिवसांत लागल्या. मग अडलं. पुढची कविता हिवाळ्यातली, उन्हाळ्यातली. ओळ लांब, आणि विहीर भरलेली, धाव आखूड. बैल दहा पावलांत थांबायचे आणि वाक्य गळ्यात अडकायचं. साहेबांचे पाय हलतच राहायचे.

"राहू दे," साहेब म्हणले. "वैशाख काय दिवाळीआधी येत न्हाई."

"आणतो," मी म्हणलो.

विहीर उपसायला घेतली. पाणी रानाला नको होतं, ओढ्यात सोडलं. दिवसभर उपसायचं, रातीतनं झरे पुन्हा भरायचे, सकाळी दोन हातच खाली गेलेलं दिसायचं. वाटेनं जाणारे थांबून बघायचे. आण्णा बांधावर येऊन उभे राहिले. "काय रे, अश्विनात मोट? विहिरीला वांती झाली काय?"

"साहेबाची ओळ लांब करायलोय."

आण्णांनी माझ्याकडं बघितलं, साहेबांकडं बघितलं, थुंकले आणि गेले. चौथ्या दिवशी सकाळी त्यांची जोड आमच्या विहिरीच्या दुसऱ्या चाकाला जुंपलेली होती. साहेबांकडं न बघताच मला म्हणले, "सम विहिरीत हाय म्हणले होते न्हवं. बघू तरी, कुठाय."

दोन मोटा एकाआड एक चालल्या. मी अशी विहीर अश्विनात कधी पाहिली नव्हती. वर हिरवं रान, आणि आत उन्हाळा. एकेक पायरी उघडी पडत गेली, कोनाडे दिसले, भिंतीतल्या पारव्यांनी खाली उतरून पाणी शोधलं. आवाज आतून घुमायला लागला. पाणी उतरलं तशी बैलांची चाल लांबली, चाल लांबली तशी ओळ. कधी वाटायचं बैल ओळ ओढतायत, कधी वाटायचं ओळच बैलांना खाली नेतेय आणि मी मधे नुसता नाड्यावर बसलोय. बायको भाकरी घेऊन यायची आणि पाटाच्या कडेला बसून राहायची, उठायची नाही.

एवढ्या खोल गेल्यावर हाक मारली तरी आधी तिचा गारवा वर येतो
आणि मग कितीतरी वेळानं आपलंच नाव

ही ओळ आली तेव्हा साहेबांचे पाय थांबले. आण्णांचा हात जुवावर होता, बोटं वर उचललेली. त्यांनी वाजवली नाहीत. नंतर म्हणले, "हितं नगं वाजवायला." चार वर्षांनी त्यांनी साहेबांशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

साहेब म्हणले, "मंजूर."

लाल रेघा पडल्या तशी मी कोऱ्या कागदावर नवी प्रत उतरवत गेलो. एकेका पानावर सात-आठ ओळी. मोकळी जागा सोडताना हात अडायचा, सांगतो तुम्हाला. एका पानावर तर चारच ओळी. मी साहेबांना म्हणलो, "उद्या एका शब्दाची ओळ आली तर तिलाबी अख्खी जागा द्यायची का?"

"द्यायची."

"एका शब्दापायी बैल दमवायचे? अख्खी मोट काढायची?"

"काढायची."

"मला न्हाई पटत."

"तुला कुठं पटवायलोय. हाक."

शेवटचं तेवढं राहिलं. कविता जिथं संपते ती जागा त्यांनी वैशाखात केली होती, तळ लागला त्या दिवशी. आणि अश्विनात तळ लागत नव्हता. चार हात पाणी उरायचं ते उरायचंच. दोन मोटा उपसायच्या तेवढं झरे आत सोडायचे. अखेरच्या वाक्यात शेवटचा एक शब्द होता, "भरलेली." तो वरच्याच ओळीत होता की खाली एकटा, हे साहेबांना काही केल्या आठवेना. पुन्हा पुन्हा म्हणून बघायचे. एकदा वर घ्यायचे, एकदा खाली. पाय हलत राहायचे.

"आता काय करायचं ते तुमीच ठरवा," मी म्हणलो. "कविता तुमची."

"न्हाई रे. असं ठरवायचं असतं तर शेरच न्हवतो का लिहिलो?"

आठव्या दिवशी मुलगा गाडी घेऊन आला. भला माणूस. बापाला चिखलात शेरवानी घालून बसलेला बघून त्यानं नुसती पेटी उचलली. मी नवी प्रत लाल फडक्यात बांधून दिली. तिच्या शेवटच्या पानावर शेवटची ओळ लिहिलीच नव्हती, जागा सोडली होती. साहेबांनी ते पान चाचपलं, डोळ्यापाशी धरलं, आणि हसले. "आता पांढरं दिसायलंय."

मग म्हणले, "वैशाखात तळ लागंल. तवा बैलाला विचार. मला कळव."

गाडीत ते उलटे बसले, पाठ बैलांकडं आणि तोंड आमच्याकडं. गाडी लिंबाच्या पुढं गेली, ओढ्यात उतरली, पलीकडं चढली. मी वाट बघत होतो काही म्हणतील म्हणून. त्यांनी नुसता हात वर केला. मागं मागं जाताना ते कधीच बोलत नसत.

फाल्गुनात हद्दीपलीकडून आलेल्या एकानं सांगितलं, पेशकार गेले. तिकडं थारोळं नव्हतं, सकाळी बादलीत पाय सोडून बसायचे म्हणे.

तरी वैशाखात मी मोट जुंपली. विहीर तळाला गेली होती, खाली खडक दिसत होता. कळवायला कुणी नव्हतं, पण साहेब ‘बैलाला विचार’ म्हणले होते. आण्णा आले. लिंबाखाली बसले, मृदंग आणला नव्हता. हरण्या-भोऱ्या पार काठाला टेकेपर्यंत मागं घेतले आणि सोडले. त्यांच्या पावलागणिक वाचत गेलो. टोक आलं, बैल थांबले. शब्द एक उरला होता.

मी बैलांकडं बघितलं. दम लागला होता त्यांना, ऊन होतं. मोटेत गढूळ पाणी अर्ध्यावर. मनात आलं, म्हणून टाकावा इथंच, कोण ऐकतंय. आण्णांनी लिंबाखालून मान हलवली, नको म्हणून.

बैल मागं घेतले, पार वरपर्यंत, गप्प. आणि त्या एका शब्दासाठी पुन्हा अख्खी धाव उतरलो.

आता तिथं मोटार बसली आहे. धावेचा नुसता उंचवटा राहिला आहे, नातू म्हणतो सपाट करू. मी जिवंत असेपर्यंत करू देणार नाही. मुलानं ती प्रत कुठं छापली का, मला कळलं नाही. काव लावलेलं माझं ते विणलेलं बाड मात्र माझ्याजवळ आहे. त्याच्या शेवटच्या पानावर मी त्या दिवशी रेघ ओढली, आणि कळवायचं राहिलं होतं ते आता कळवतो:

तळ लागला तेव्हा कळलं, कुणाच्या तरी हातून निसटलेली एक घागर इतकी वर्षं इथं बसून आहे

भरलेली

आणि खालचं पान मी कोरं सोडलं आहे.